मन पळालं, तर बिघडलं कुठे?

वाचकाचं पत्र

माझं वय ४३. नोकरी हिशेबाच्या विभागात, त्यामुळे महिनाअखेर म्हणजे नुसती मारामारी. संध्याकाळी घरी येते तेव्हा दाराच्या कुलुपात किल्ली घालतानाही मी मनातल्या मनात साहेबांशी भांडत असते. रात्री पाठ टेकली की दिवसभराचं सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू. डॉक्टरांकडे जाऊन आले. तपासण्या ठीक निघाल्या. म्हणाले, ताण कमी करा, ध्यान वगैरे करून बघा. म्हणून फोनवर एक ॲप घेतलं, वीस मिनिटांचं. त्यातली बाई सांगते, मन रिकामं करा, निळं आकाश डोळ्यांसमोर आणा. मला आकाश दिसत नाही, पाठवायची राहिलेली मेल दिसते. पाच दिवस नेटाने बसले, सहाव्या दिवशी त्या बाईच्या गोड आवाजाचाच इतका राग आला की ॲप काढून टाकलं. नवरा म्हणतो, तू ध्यान करत नाहीस, बसल्या बसल्या घोरतेस. मी देवाधर्मातली नाही, मंत्रबिंत्र जपायला नको वाटतं. ध्यान माझ्यासारखीला जमण्यातलं नाहीच का?

उत्तर

त्या गोड आवाजाचा राग आला हे वाचून मला हसू आलं, कारण मलाही येतो. दिवसभर डोकं पिंजून निघालेल्या माणसाला 'आता शांत व्हा' असं मधाळ आवाजात सांगणं म्हणजे रडणाऱ्या पोराला 'हस बघू' म्हणण्यातला प्रकार. ॲप काढून टाकलंत, त्यात काही गैर केलं नाहीत. फक्त त्याबरोबर 'मला जमत नाही' हा जो निकाल लावलात, तो मला मान्य नाही.

तुम्ही डोळे मिटलेत आणि न पाठवलेली मेल दिसली. ती मेल त्या क्षणी उगवली का? ती सकाळपासून तिथेच होती. तुम्ही फोनवर बोलत होतात, रकाने भरत होतात, मुलांना काहीतरी सांगत होतात, आणि मागे ती घरघरत होती. वीस मिनिटं बाकी सगळं थांबवलंत म्हणून ऐकू आली. रात्री घरातली वर्दळ थांबली की गळका नळ ऐकू येतो, तसं.

आता त्या 'मन रिकामं करा'बद्दल. माझं स्पष्ट मत आहे की या तीन शब्दांनी जितक्या लोकांचं ध्यान सुटलं असेल, तितकं आळसानेही सुटलं नसेल. डॅनियल वेग्नर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना सांगितलं, पुढची पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आणि तरी आलाच तर घंटी वाजवायची. घंट्या वाजतच राहिल्या. त्यातली खरी गंमत पुढे आहे. नंतर जेव्हा त्यांना 'आता खुशाल अस्वलाचा विचार करा' म्हटलं, तेव्हा ज्यांना आधी दाबायला लावलं होतं त्यांच्या मनात अस्वल जास्त वेळा आलं. सुरुवातीपासून मोकळीक दिलेल्यांपेक्षाही जास्त. तुमची मेल हे तुमचं पांढरं अस्वल.

आणि मन भटकतं त्यात तुमचा काही दोषही नाही. २०१० मध्ये हार्वर्डच्या दोन संशोधकांनी सव्वादोन हजार प्रौढ माणसांना दिवसात अवचित फोनवर विचारलं, आत्ता काय करताय आणि मनात काय चाललंय? जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतंच. म्हणजे निम्मा दिवस आपण सगळेच दुसरीकडे असतो. नुसतं स्वस्थ बसणं तर त्याहून अवघड. २०१४ च्या एका प्रयोगात लोकांना रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटं स्वतःच्या विचारांबरोबर एकटं बसवलं. करमणुकीला काही नाही, फक्त एक बटण, दाबलं की विजेचा सौम्य झटका बसणार. आधी याच लोकांनी म्हटलं होतं की हा झटका टाळायला आम्ही पैसे मोजू. तरी १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी बटण दाबलं. तुम्ही झटक्याविना पाच दिवस रोज वीस मिनिटं बसलात. तुमची चिकाटी माझ्या मते फुकट गेलेली नाही, चुकीच्या जागी खर्ची पडली.

मग ध्यानात करायचं तरी काय? तुमच्याच धंद्यातलं सांगते. लांबलचक आकड्यांवरून बोट फिरवत जाताना कुणी हाक मारली, लक्ष गेलं. तुम्ही काय करता? वही फाडत नाही, स्वतःला शिव्याही घालत नाही. जिथे बोट होतं त्या ओळीवर परत येता आणि पुढे जाता. एवढंच. लक्ष एका साध्या गोष्टीवर ठेवायचं, ते निसटणार, निसटलं हे कळणार, परत आणायचं. निसटणं खर्चाच्या बाजूला मांडू नका. परत येणं मात्र दर वेळी जमेला धरा, कारण व्यायाम तेवढ्यातच आहे. दहा मिनिटांत तीस वेळा मन पळालं आणि तीस वेळा परत आणलंत, तर ती वाईट बैठक नव्हे, तीस वेळा वजन उचललंत.

वीस मिनिटं तर विसराच. पहिला आठवडा तीन मिनिटं.

खुर्ची घ्या. मांडी घालायची गरज नाही, कमळासारखं आसन तर मुळीच नको. योगसूत्रांत आसनाची व्याख्या दोनच शब्दांत आटोपली आहे, स्थिर आणि सुखाचं. तुमचे गुडघे कुरकुरत असतील तर त्यातला सुखाचा भाग उरत नाही. पावलं जमिनीला पूर्ण टेकलेली, पाठ ताठ पण ताणलेली नाही, हात मांडीवर जसे पडतील तसे. डोळे मिटा किंवा अर्धे मिटून नजर समोरच्या जमिनीवर सोडा. तुम्हाला पेंग येते, म्हणून तुमच्यासाठी मी अर्धे उघडेच सुचवीन. फोनवर तीन मिनिटांचा गजर लावा, साध्या टणत्काराचा, आणि फोन हात पोहोचणार नाही इतक्या लांब, पालथा ठेवा. हा सल्ला अनुभवाचा आहे. सुरुवातीच्या महिन्यात मला दर वेळी वाटायचं झाली तीन मिनिटं, गजर बिघडला, म्हणून डोळा किलकिला करून बघायची. एक मिनिट दहा सेकंद झालेले असायचे.

आधी तीन श्वास जाणूनबुजून घ्या. आत नेहमीसारखा, बाहेर मात्र सावकाश, लांबवत. यात गूढ काही नाही. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात, सोडताना किंचित मंदावतात. मेंदूपासून छाती-पोटापर्यंत उतरणारी व्हेगस नावाची एक लांब मज्जातंतू आहे, हृदयाला आवर घालण्याचं काम तिचं. श्वास सोडताना तिची पकड वाढते. विश्वास बसत नसेल तर मनगटावर नाडी धरून बघा, बऱ्याच जणांना फरक बोटाला कळतो.

त्यानंतर श्वासाच्या मागे लागू नका. तो आपला आपण चालू दे. कुठे जाणवतो तेवढं शोधा. नाकपुडीच्या कडेला आत येताना जरा गार, बाहेर जाताना कोमट लागेल. किंवा पोट वरखाली होताना. एक जागा ठरवा आणि प्रत्येक श्वास सोडताना मनात आकडा म्हणा, एक ते दहा, मग पुन्हा एक. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण १२ ते १८ श्वास घेतो, तेव्हा तीन मिनिटांत चार-पाच फेऱ्या होतील. होतील म्हणजे, कागदावर. प्रत्यक्षात काय होईल ते सांगते.

एक. दोन. तीन, चार, त्या मेलमध्ये 'लवकरात लवकर' असं लिहायला नको होतं, त्यांना वाटेल मी टोमणा मारतेय, तसा तो होताच म्हणा, पण गेल्या वेळी त्यांनीच तर सगळ्यांसमोर... अरे.

हा 'अरे' महत्त्वाचा. आतापर्यंत तुम्ही त्या भांडणाच्या आत होतात. 'अरे' म्हणालात आणि भांडण समोर दिसलं. हा क्षण मागून आणता येत नाही, आपला आपण येतो, पण सरावाने वारंवार आणि लवकर यायला लागतो. तो आला की स्वतःवर डाफरायचं नाही, कारण मग डाफरणं हा पुढचा विचार होतो आणि त्यातही दीड मिनिट जातं. मनात हळूच 'विचार' एवढा शब्द म्हणा, नोंद केल्यासारखा, आणि पुन्हा एक. कधी तुम्ही तेवीसपर्यंत पोचलेल्या असाल. म्हणजे तोंड मोजत होतं आणि तुम्ही बाहेरगावी गेला होतात. हसा आणि एक म्हणा.

निळ्या आकाशाचं सोडून द्या. सगळ्यांना डोळ्यांसमोर चित्रं आणता येतात असं नाही, काहींना मुळीच येत नाहीत. श्वास न बघताही जाणवतो.

मंत्राचं म्हणाल तर हार्वर्डचे हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट बेन्सन यांनी १९७० च्या दशकात नेमकं हेच तपासलं. ध्यानाने शरीरात जी शिथिलता येते तिला देवाधर्माचं पाठबळ लागतं का? त्यांची रीत अशी, आरामात बसा, स्नायू सैल सोडा, श्वास सोडताना मनात एक शब्द म्हणा, आणि विचार आले तर येऊ देत, शब्दावर परत या. शब्द कोणता, तर 'एक' या अर्थाचा इंग्रजी शब्दही त्यांना चालला. तुम्हाला 'एक'ही नको असेल तर 'जाऊ दे' म्हणा. कुणी श्रद्धाळू असेल आणि नामस्मरण करत असेल तर तेही चालतंच, त्याच्याशी माझं भांडण नाही. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये काही आठवड्यांचा ताणनिवारण वर्ग सुरू केला, तोही धर्म बाजूला ठेवूनच. तिथे यायचे ते जुनाट दुखण्यांनी हैराण झालेले रुग्ण, मोक्षाची घाई झालेले साधक नव्हेत.

गुरू हवा का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढे कुणीतरी सुचवेलच. तीन मिनिटांना गुरू लागत नाही. दहा दिवसांच्या मौन शिबिराला जायचं मनात आलं तर जाणत्या माणसांकडे जा, आणि तेही वर्षभराने. थकलेल्या, झोप न झालेल्या अवस्थेत थेट तिथे जाणं म्हणजे पोहायला शिकायला पुरात उडी.

झोपेचं मात्र थोडं सविस्तर. तुम्ही घोरता यात ध्यानाचा काय दोष? शरीराला सावकार समजा. दिवसभर तुम्ही त्याच्या तावडीतून निसटता, पण खुर्चीत बसून डोळे मिटलेत की ते वसुलीला येतं. झोपेची थकबाकी ध्यानाने फिटत नाही, झोपूनच फिटते. तेव्हा आधी आठवडाभर अर्धा तास लवकर अंथरुणावर पडता येतं का बघा. बैठक अंथरुणात किंवा पोटभर जेवणावर करू नका. सकाळी तोंड धुतल्यावर किंवा कामावरून आल्या आल्या करा. रात्री पाठ टेकल्यावर जे चक्र सुरू होतं, त्यासाठी वेगळा प्रकार ठेवा. पायाच्या अंगठ्यापासून सुरुवात करून लक्ष एकेका अवयवावरून वर न्यायचं. तळवा, घोटा, पोटरी, गुडघा. काही करायचं नाही, नुसतं तिथे काय जाणवतं ते बघायचं. मला कंबरेच्या वर पोचल्याचं फारसं आठवत नाही. तिथे झोप लागली तर बक्षीस समजा. आणि रात्रीही मोठ्याने घोरत असाल, पुरेसे तास झोपूनही सकाळी अंग मोडून येत असेल, तर ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घाला. झोपेत श्वास अडकण्याचा आजार असू शकतो, आणि तो नेहमीच्या तपासण्यांत दिसत नाही.

आता हाती काय लागेल? अवाच्या सवा वचनं देणाऱ्यांपासून सावध राहा. २०१४ मध्ये ध्यानावरच्या ४७ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, साडेतीन हजारांवर माणसं त्यात होती. चिंता, उदासी आणि दुखणं यांत माफक पण खराखुरा उतार दिसला. औषध किंवा व्यायामापेक्षा ध्यान सरस, असं मात्र काही दिसलं नाही. म्हणजे भरभर चालून आलं की तुम्हाला बरं वाटत असेल तर ते सोडून खुर्चीत बसू नका. दोन्ही करा, किंवा चालताना पावलं मोजा, दहापर्यंत, मघाच्याच रीतीने.

काही दिवस असे येतील की बसणंच नकोसं होईल, डोकं फुटायला आलेलं असेल. त्या दिवसाची तरतूद करून ठेवा. नाकाने श्वास घ्या, भरला असं वाटलं की वरून अजून एक छोटासा घोट हवा आत ओढा, मग तोंडाने सावकाश, पूर्ण रिकामा होईपर्यंत सोडा. एखाद्या लांब उसाशासारखं. पाच मिनिटं हेच. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्डच्या अभ्यासात महिनाभर रोज पाच मिनिटं हे करणाऱ्यांचा मूड, तितकाच वेळ ध्यान करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारला होता. ध्यानाचा सल्ला देणाऱ्या सदरात हे लिहिणं जरा अवघड जातंय, पण आहे ते आहे.

दोन ठिकाणी मात्र थांबा. श्वासाकडे लक्ष दिलं की घुसमट होते, छाती धडधडते किंवा जुनं काहीतरी उसळून वर येतं, असं झालं तर नेटाने बसून राहू नका. डोळे उघडा, पावलांखालची जमीन जाणवून घ्या, खोलीतले आवाज ऐका, उठा. पुन्हापुन्हा झालं तर समुपदेशकाशी बोला. झोप आठवडेच्या आठवडे उडालेली असेल, कशातच जीव रमत नसेल, जगणंच नको वाटत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ, तोही लगेच. ध्यान नंतर.

दुसरं ठिकाण तुमचं ऑफिस. महिनाअखेरचं काम दोघांचं असेल आणि तुम्ही एकट्या ओढत असाल, तर कितीही श्वास मोजलेत तरी ते काम एकटीचं होणार नाही. निमूट सोसायची ताकद वाढावी म्हणून ध्यान करू नका. साहेबांशी मनातल्या मनात जे भांडता, त्यातलं एक वाक्य निवडून, शांत डोक्याने, प्रत्यक्ष त्यांच्यासमोर म्हणता येईल का ते बघा. माझा अंदाज असा की दोनेक आठवडे बसल्यावर ते वाक्य कोणतं हे तुमचं तुम्हालाच कळेल. एरवी अशी शंभर वाक्यं एकदम ओरडत असतात.

सवय लागायला किती दिवस? एकवीस दिवसांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल, ती सोडा. लंडनमधल्या एका अभ्यासात लोकांना रोजची एक नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाच्या बाबतीत हिशेब २५४ पर्यंत गेला. एखादा दिवस चुकला म्हणून त्यांचं फारसं बिघडलं नाही. सवय जडायला जुन्या सवयीची खुंटी लागते. तुमची खुंटी मला तुमच्या पत्रातच सापडली. तुमच्या दाराची किल्ली.

खुर्ची, गजर, तीन मिनिटं हे सगळं राहून गेलं तरी चालेल, पण रोज संध्याकाळी एवढं करा. किल्ली कुलुपात घाला आणि फिरवू नका. धातूचा गारवा बोटांना लागू दे. खांद्यावरची पिशवी किती ओढतेय ते बघा. साहेब तिथे असतीलच, असू देत. तीन श्वास, सोडताना लांब. मग फिरवा. वीस सेकंदांचं काम आहे, आणि शेजाऱ्यांना वाटेल कुलूप अडकलंय.

दोन आठवड्यांनी मला लिहा. मन शांत झालं का ते नको, किती दिवस बसलात तेवढा आकडा कळवा. आकडे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले कळतात. आणि नवऱ्याला आत्ताच सांगून ठेवा, घोरणं ऐकू आलं तर हलवून उठवायचं नाही, दिवा मालवायचा.